हजार बैठका

मी मातीवर तीनदा हात आपटला. उजीनं सोडलं नाही.

आमच्या तालमीत दत्तूआप्पांनी घालून दिलेला हा एकच कायदा होता. डाव कुठलाही असो, डोक्यात राग कितीही असो, खालच्यानं मातीवर तीनदा हात आपटला की वरच्यानं त्या क्षणी सुटायचं. मी चौथ्यांदा आपटला, पाचव्यांदा आपटला. उजीचा गुडघा माझ्या मानेवर होता, माझा डावा हात तिनं पाठीमागं पिरगाळून धरला होता आणि तिचा श्वास माझ्या कानात लोहाराच्या भात्यासारखा चालला होता. मग माझ्या बोटांतून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तोंडात माती घेऊनच मी किंचाळले.

"उजे! मारतीस का काय तिला? सोड!"

आप्पा काठावरून थेट कुस्तीच्या मातीत, हौद्यात आले. त्यांनी उजीला केसांना धरून मागं खेचलं, तेव्हा कुठं ती सुटली. मी उताणी पडून तिच्याकडं पाहिलं. तिचे डोळे काळ्या बाहुल्यांनी भरून गेले होते, जबडा उगाचच हलत होता आणि तोंडावर हसू होतं.

"कवा हात आपटला हिनं?" ती म्हणाली. "आप्पा, आईची आण, मला कळलंच न्हाई."

माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट भलत्याच दिशेला वळलं होतं. आप्पांनी ती तिथंच ओढून सरळ केली. मी त्यांच्या दंडाला चावले, तर म्हणाले, "चाव, चाव. तेवढंच दात घट्ट हुतील." दोन्ही बोटं बांबूच्या काडीला बांधली. राज्य निवड चाचणी बावीस दिवसांवर होती. माझ्यापुरती ती तिथंच संपली.

उज्ज्वला खाडे आणि मी, राजश्री चौगले. दोघी सतरा वर्षांच्या. गाव नांदणवाडी, कोल्हापूरच्या खाली, कर्नाटकच्या हद्दीला लागून. आमच्याकडं पोरीसुद्धा 'मी जातो, मी येतो' म्हणतात, त्यामुळं आम्ही लंगोट लावून हौद्यात उतरणार असं ऐकल्यावर गावातल्या बायका म्हणाल्या होत्या, बोलणं पोरांचं होतंच, आता बाकीचंही राहायला नको. आप्पांनी कुणाचं ऐकलं नाही. अकराव्या वर्षी त्यांनी आम्हा दोघींची जोड लावली. जोड लावली म्हणजे सगळंच जोडीनं. थंडाई एका तांब्यातून, मालीश एकमेकीला, आणि बैठकांचा आकडा जोडीदारानं मोजायचा. आपला आकडा आपण मोजला की माणूस लबाडी करतं असं आप्पांचं मत. सहा वर्षं मी उजीच्या बैठका मोजल्या आणि तिनं माझ्या. ती मधेच एखादा आकडा गाळून मला फुकट एक बैठक द्यायची. मी असली दया कधी दाखवली नाही. मी तशीच आहे, खडूस.

उजीचं वजन अठ्ठावन्न किलो होतं आणि गट पंचावन्नचा. आदल्या वर्षी पाऊण किलोसाठी तिला काट्यावरूनच घरी पाठवलं होतं. त्या दिवशी ती एसटीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून कोल्हापूरपासून गावापर्यंत रडली. तिच्या बापानं सांगितलं होतं, यंदा निवड झाली तर खेळ, नाही तर लग्न. मुलगा पाहून ठेवला होता. तिला काय पाहिजे होतं ते मला ठाऊक होतं. तीन किलो.

बोटं मोडली त्याच्या पाचव्या दिवशी मला पट्टी सापडली. तालमीच्या मागच्या खोलीत आमच्या पत्र्याच्या पेट्या असायच्या. मी एका हातानं तिच्या डब्यातले बदाम काढत होते, खाली चकाकलं. दहा गोळ्यांची पट्टी, सहा संपलेल्या. निळ्या अक्षरांत कंपनीचं नाव, मागं बारीक छपाई, किंमत, तारीख, सगळं.

ती दारात येऊन उभी राहिलेली मला कळलंच नाही.

"ठेव ते," ती म्हणाली.

"कसल्या गोळ्या हैत?"

"वजनाच्या. भूक लागत न्हाई आणि दम लागत न्हाई. दोन किलो उतरलं बघ मी आठ दिसात."

"कुणी दिल्या?"

"सॅन्डीनं."

सॅन्डी म्हणजे संदीप, तालुक्याच्या गावी जिम चालवायचा. बाहीतून दंड दाखवत फिरणारा.

"उजे, ह्येला ड्रग म्हणत असतील तर?"

ती हसली. "ड्रग? शाळेत दाखवलेलं त्ये?"

आदल्या डिसेंबरात आमच्या हायस्कुलात व्यसनमुक्तीचं व्याख्यान झालं होतं. एक गृहस्थ पडदा घेऊन आले होते. त्यांनी चित्रं दाखवली: काळोखी गल्ली, सुया, पांढरी पावडर, पुलाखाली पडलेला केस वाढलेला माणूस, शेवटी कवटी. आम्ही मागच्या बाकावर गुडघ्यांनी एकमेकींना ढोसत बसलो होतो. त्यात आमच्यासारखं कुणीच नव्हतं. दोन वेण्या घालून पहाटे पाचला उठणारी, सुपारीसुद्धा न खाणारी पोरगी त्या पडद्यावर कुठंच दिसली नाही. पट्टीतली गोळीही नव्हती. गोळी म्हणजे औषध. ते तर आई देते.

"बघ की," उजी म्हणाली, "कंपनीचं नाव हाय. पुडीत बांधून आणली न्हाई मी."

"मग माझी बोटं मोडलीस ती कशानं? पाचदा हात आपटला मी."

मी पट्टी मुठीत धरून बाहेर निघाले, तेवढ्यात तिनं मला मागून दाराच्या चौकटीवर आदळलं. कपाळ फुटलं. मी वळून तिच्या पोटात डोकं घातलं, दोघी पेट्यांवर कोसळलो. तिनं माझा बांधलेला हात पकडला आणि दाबला. जाणूनबुजून दाबला. मला डोळ्यांपुढं पांढरं दिसलं. मी तिच्या मनगटाला चावले, रक्ताची चव आली, तेव्हा तिनं सोडलं.

"दे माझी पट्टी," ती हुंदके देत म्हणत होती. "राजे, पाया पडतो तुझ्या. लगीन लावून टाकतील गं माझं."

मी पट्टी घेऊन पळाले ती थेट आप्पांकडं. काळजीनं सांगितलं असं मी पुढं सगळ्यांना सांगत आले. काळजी होतीच. पण हात ठणकत होता आणि हिला आता चांगली अद्दल घडू दे असंही वाटत होतं. दोन्ही खरं.

आप्पा अडाणी नव्हते. त्यांनी आधी पट्टी खिशात घातली, सायकलवर टांग मारली आणि स्टँडवरच्या मेडिकलमध्ये गेले. मी मागं कॅरिअरवर. दुकानदारानं चष्मा लावून पट्टी उलटी-सुलटी केली. मागचं नाव वाचलं. मग कपाटातून तसलीच दुसरी पट्टी काढून शेजारी ठेवली. दोन्हींत तिळाएवढा फरक नव्हता.

"वजनाची गोळी हाय, आप्पा. डॉक्टरच्या चिठ्ठीबिगर द्यायची न्हाई, एवढंच. विष न्हवं. बंद केली की झालं."

आप्पांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. आणि त्याच्यापाठोपाठ राग आला. परतीच्या वाटेवर ते जोरजोरात पायडल मारत होते, नुसती सायकल कुरकुरत होती.

मार्च सरत आला होता. दुपारचे अडीच. तालमीचा पत्रा तापून कडकड वाजत होता. उजी हौद्याच्या काठावर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. आप्पांनी तिला उभी केली आणि कानाखाली मारली. तिचं डोकं खांबावर आपटलं. दुसरी मारली. तिच्या नाकातून रक्त ओठावर आलं, ते तिनं जिभेनं चाटलं.

"सहा वर्सं," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "सहा वर्सं तुला दूध-तूप घातलं ते ह्या गोळीसाठी? किती खाल्ल्यास?"

"आज दोन. सकाळी एक आन् आत्ता एक."

"आत्ता?"

"ही पळाली तवा. जवळ एक सुटी हुती."

आप्पांनी खुंटीवरचे दोन स्वेटर काढले आणि तिच्या अंगावर फेकले. "घाल. हजार बैठका. शरीरात गेल्यालं घामानंच भायेर निघतं. माझ्या वस्तादानं माझी विडी अशीच सोडवली. त्यानंतर शिवलो न्हाई."

तिथल्या कुणालाही हे चुकीचं वाटलं असतं असं मला वाटत नाही. आमच्याकडं तापावर घाम, सर्दीवर घाम, रागावर घाम, सगळ्यावर घाम. घाम आला की अंगाला लाल माती चोळायची, ती विष ओढून घेते, हे आम्ही पाढ्यांसारखं शिकलो होतो. औषध साधं आहे, हे तर मेडिकलवाल्यानं छापील अक्षर वाचून सांगितलं होतं.

आप्पांनी दार लोटून घेतलं. उजीनं स्वेटर घातले. जोडीदार मी. आकडा माझ्याकडं.

"एक," मी म्हणाले.

दोनशेपर्यंत ती सहज गेली. तीनशेला स्वेटर छातीपाशी काळे झाले. चारशेला तिनं पाणी मागितलं, आप्पा म्हणाले, हजार झाल्यावर. पाचशेच्या सुमारास बाहेरून कुणीतरी हाक मारली. जत्रा कमिटीची माणसं मैदान आखायला आली होती. आप्पा जाताना मला म्हणाले, "मोज नीट. आकडा चुकला तर पयल्यापासनं."

मग तालमीत आम्ही दोघीच राहिलो. तिची पावलं मातीत खाली-वर होत होती आणि मी मोजत होते. सहाशे बाराला ती थांबली, गुडघ्यांवर आणि हातांवर आली. मी म्हटलं, ऊठ. ती उठली.

सहाशे तीस. तिला घाम यायचा थांबला होता. चेहरा लालभडक आणि कोरडा. आता मला कळतं त्याचा अर्थ काय असतो. तेव्हा मला वाटलं, चला, विष निघालं वाटतं सगळं.

"सहाशे चाळीस. सहाशे एकेचाळीस."

ती खाली गेली आणि वर आलीच नाही. आडवी पडली. पाय ताठ झाले, टाचा मातीत नांगरासारख्या ओढल्या जाऊ लागल्या, डोकं मागं वळलं. जीभ दातांत सापडली आणि तोंडातून लाल फेस आला. मी तिच्या छातीवर पडून तिला धरायला गेले. ती माझ्याइतकीच पोरगी, पण तिनं मला फरफटत हौद्याच्या काठावर नेऊन आपटलं. तिचं अंग हाताला चुलीवरच्या तव्यासारखं लागत होतं. मी "आप्पा!" म्हणून ओरडले. ती माझी शेवटची नीट हाक म्हणायची, कारण त्यानंतर माझ्या घशातून काय आवाज निघत होता ते मला सांगता येत नाही.

आप्पांनी तिला खांद्यावर टाकली. कमिटीच्या जीपमधून तालुक्याचा सरकारी दवाखाना, बावीस मिनिटं. सगळी वाट तिचे पाय माझ्या मांडीवर लाथा मारत होते, आणि मग एका वळणावर ते थांबले. लाथा थांबल्या तेव्हा मी जास्त घाबरले.

तिथली डॉक्टर तरुण बाई होती. तिनं काखेत थर्मामीटर लावला, पाहिला, झटकला, पुन्हा लावला. "बर्फ आणा! मिळेल तिथून आणा!" आणि आमच्याकडं वळून, "हिनं काय घेतलंय?"

आप्पांनी पट्टी काढून दिली. तिनं वाचली.

"ह्या गोळीनं असं होत नाही," ती म्हणाली. "दुसरं काय? खरं सांगा, वेळ नाही माझ्याकडं."

"दुसरं काय न्हाई," मी म्हणाले. "एवढंच."

"हे नाही!" ती माझ्यावर खेकसली. ती खरं तेच सांगत होती. आम्हीही खरं तेच सांगत होतो. मधे ती पट्टी खोटं बोलत होती. कंपनीच्या नावाची, तारखेची, किमतीची हुबेहूब नक्कल, आणि आत भलतंच काहीतरी, अंग आतून पेटवणारं. हे तपासणीत निघालं, पण त्याला अडीच महिने लागले. उजीकडं पाऊण तास होता. रसवंतीवाल्यानं आणलेल्या बर्फाच्या लाद्यांवर तिला झोपवली होती. पाच वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरीणबाईनं तिच्या छातीवरून हात काढले आणि तिथंच फरशीवर बसून राहिली.

उजीचे वडील ट्रॅक्टर घेऊन आले, बरोबर दोन्ही भाऊ आणि भावकी. आप्पा आवारात लिंबाखाली उभे होते. वडलांनी ट्रॉलीची लोखंडी पिन उपसली आणि पहिला घाव त्यांच्या गळ्याच्या हाडावर घातला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. दुसरा कपाळावर. आप्पांनी भर मैदानात ज्या हातांनी डोंगराएवढे पैलवान पाठीवर पाडले होते, ते हात त्यांनी वर उचललेच नाहीत. रक्त भुवईतून डोळ्यात गेलं तरी पुसलं नाही. ते एवढंच म्हणत होते, "मार. मार, खाडे."

मग कुणीतरी सॅन्डीचं नाव घेतलं. जिम दोन गल्ल्यांपलीकडं. मीही धावले. त्याला शटरखालून पायाला धरून ओढला. थोरल्या भावानं त्याच्या तोंडावर डंबेल घातला, दात फरशीवर पडले. माणसं आरसे फोडत होती, कुणी मशिनवर रॉकेल ओतलं. तो हात जोडून ओरडत होता, "मला पार्सलनं येत्यात! आत काय असतंय मला काय म्हाईत! मी सोता खातोय त्या!" मी त्याच्या बरगड्यांत लाथ घातली. दुसरी घातली. बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही, म्हणून तिसरी घातली.

पोलिसांनी तिसऱ्या दिवशी आप्पांच्या खाटेपाशी जबाब घेतला. खांदा प्लास्टरमध्ये, डोकं बांधलेलं. मी पायथ्याशी उभी होते. हवालदारानं विचारलं, "मुलगी पडली तेव्हा आकडा कोण मोजत होतं?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "मी," ते म्हणाले.

"ही मुलगी?"

"हिचा हात मोडलाय. हिला मी घरी पाठवली हुती."

हवालदारानं ते लिहून घेतलं. मी लिहू दिलं.

आप्पांना शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यांनी हौद्यातली माती बैलगाडीनं काढून शेतात टाकली आणि तालमीत कडबा भरला. मी मातीत पुन्हा उतरले नाही. खेळाची शिक्षिका झाले. सॅन्डी जामिनावर सुटला, नंतर गाव सोडून गेला. ती पट्टी छापणारा कधी सापडला नाही.

आता अठरा वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं मी शाळाशाळांतून ही गोष्ट सांगते. पडदा नेत नाही, कवटी दाखवत नाही. नुसती उजी सांगते. नववी-दहावीची मुलं मान वर करून ऐकतात. मी सांगते, दुकानदारालाही फरक ओळखता आला नाही, तुम्हाला काय येणार. पट्टी, छपाई, चकाकी कशावरही जाऊ नका. शेवटी मी म्हणायची, "मोठ्यांना सांगा." मुख्याध्यापक टाळ्या वाजवायचे आणि नारळ द्यायचे. आप्पांनी दिलेला जबाब मी तसाच सांगत आले. आकडा वस्ताद मोजत होते.

आप्पा गेल्या दिवाळीनंतर गेले. फेब्रुवारीत मी एका हायस्कुलात गेले होते. गोष्ट संपली. काही शंका, म्हणून विचारलं. शंका कधीच कुणाला नसते. त्या दिवशी तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. चष्मा, खांद्यावर निळी रिबन.

"मॅडम, जोडीदारानं आकडा मोजायचा असं म्हणालात ना तुम्ही?"

"हो."

"मग वस्ताद कसे मोजत होते?"

शिक्षकांपैकी कुणीतरी तिला "बस खाली" म्हटलं. मी हातानं थांबवलं. माझी डावी करंगळी आजही सरळ होत नाही. ती त्या हातावर तशीच वाकडी दिसत होती आणि सगळा वर्ग तिच्याकडं बघत होता.

"मी मोजत होते," मी म्हणाले. "वस्ताद बाहेर गेले होते. तालमीत आम्ही दोघीच होतो."

मुख्याध्यापक खुर्चीत चुळबुळले.

"सहाशे बाराला ती हातांवर आली, आणि तिनं मातीवर तीनदा हात आपटला. मी बघितलं. मला चांगलं कळलं. पण पाच दिवसांपूर्वी मी पाचदा आपटला होता आणि तिनं सोडलं नव्हतं. मी म्हटलं, ऊठ. सहाशे तेरा. त्यानंतर मी तिच्याकडून आणखी एकोणतीस बैठका काढून घेतल्या."

टाळ्या झाल्या नाहीत. नारळही द्यायचा राहून गेला. मी पिशवी घेऊन पटांगणातून निघाले. फाटकापाशी ती मुलगी उभी होती, दप्तर पोटाशी धरून.

"मॅडम, पट्टी पण तुम्हीच नेऊन दिली होती ना वस्तादांना?"

"हो. मीच."

"म्हणजे तुम्ही सांगितलं म्हणून ती..." तिनं दप्तरातून कंपासपेटी काढली, उघडली. कोनमापकाखाली चार गोळ्यांचा कापलेला तुकडा होता. निळी अक्षरं, चकचकीत.

"दादाच्या आहेत. रात्रभर अभ्यास होतो म्हणतो, झोप येत नाही. परवा त्यानं आईच्या अंगावर स्टूल फेकलं. सांगितलं तर पप्पा पट्ट्यानं मारतात, मारायला लागले की थांबत नाहीत." तिनं चष्म्याआडून माझ्याकडं पाहिलं. "आता खरं सांगा. सांगू का नको?"

अकरा वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मी गोळ्यांचा तुकडा रुमालात गुंडाळला.

"दादा आत्ता कुठं आहे?"

"घरी. वर खोलीत."

"आणि पप्पा?"

"दुकानात. सहाला येतात."

चार वाजून गेले होते. सरकारी दवाखाना वाटेतच लागत होता. "आधी दादाला घेऊन दवाखान्यात जायचं. पप्पांना मी सांगते," मी म्हणाले. "आणि ते मारायला उठले, की त्यांच्या आणि दादाच्या मधे मी उभी राहणार."

तिनं माझ्या वाकड्या बोटाकडं पाहिलं, मग माझ्या दंडांकडं.

"तुम्हाला मारलं तर?"

"मारू देत," मी म्हणाले. "चल."